लिबर्टी आणि फ्रीडम
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी विषय निवडण्याची मुभा कार्यकारी मंडळाने मला दिली, याबद्दल मी प्रथम मंडळाचे आभार मानतो. 'मुभा' हा शब्द आपण ध्यानात ठेवावा, अशी विनंती आहे. पुढे त्याच्याशी आपले काम पडणार आहे.

विषय सुचला तो याच वास्तूतील वाचनकक्षात. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी काही मुले तेथे नित्य बसतात. त्यांपैकी एक तरुण एके दिवशी भारतीय संविधानाची इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही प्रती समोर उघडून बसला होता. मला पाहताच म्हणाला, "काका, उद्देशिकेत 'लिबर्टी' आहे, एकोणिसाव्या अनुच्छेदात 'फ्रीडम' आहे आणि एकविसाव्यात पुन्हा 'लिबर्टी'. मराठीत मात्र सगळीकडे 'स्वातंत्र्य'च. तेव्हा इंग्रजीत एक शब्द जास्तीचा आहे, की आपल्याकडे एक कमी पडतो?" मी घाईत होतो. दोन्हींचा अर्थ एकच, असे उत्तर देऊन मोकळा झालो. त्याचे समाधान झाले नाही हे मला दिसले आणि घरी पोहोचेपर्यंत माझेही राहिले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी शब्दांची कुळकथा पाहू. 'फ्रीडम' हा इंग्रजीचा घरचा शब्द. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही तो होता. त्यातील 'फ्री'चे मूळ शोधीत गेले की भाषाशास्त्रज्ञ आपल्याला अशा ठिकाणी आणून सोडतात की आपण चकित व्हावे. ज्या आदिम धातूपासून संस्कृतातील 'प्रिय' हा शब्द निघाला, त्याच धातूपासून 'फ्री' निघाला आहे. इंग्रजीतील मित्रवाचक 'फ्रेंड' हा शब्दही त्याच गोत्राचा. 'प्रिय' म्हणजे स्वतंत्र हा अर्थ कसा आला, याचा उलगडा असा करतात : प्राचीन जर्मानिक कुटुंबात दोन प्रकारची माणसे असत, जिव्हाळ्याची, रक्ताच्या नात्याची आपली माणसे आणि राबण्यासाठी आणलेले दास. जी आपली, प्रिय, ती 'फ्री'. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी एकट्या माणसाचे सुटेपण नाही. आपल्या माणसांत गणले जाणे आहे.

'लिबर्टी' पाहुणा शब्द आहे. लॅटिनमधील 'लिबर्टास' फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर कित्येक पिढ्या दरबार आणि न्यायालय यांची भाषा फ्रेंच राहिली, आणि अशा एकेका कल्पनेसाठी इंग्रजीत दोन-दोन शब्द नांदू लागले : एक शेतकऱ्याच्या घरचा, दुसरा सरदाराच्या वाड्यावरचा. फ्रेंच माणसाजवळ एकच 'लिबर्ते' आहे, जर्मनाजवळ एकच 'फ्रायहाइट' आहे. तेव्हा एका शब्दावर भागवणारे जगात आपण एकटेच नाही, हे त्या मुलाला सांगायला हरकत नाही. रोमन लोकांत 'लिबर' म्हणजे जो दास नाही तो, आणि मालकाने सोडलेला दास तो 'लिबर्टस'. मुक्त झालेल्या दासाला एक टोपी घालावयास मिळे. लिबर्टास या देवतेच्या हातीही तीच टोपी दाखवीत. ही टोपी पुढे आपल्याला एका शिल्पावर भेटणार आहे. खरे म्हणजे भेटणार नाही, हीच गोष्ट सांगण्यासारखी आहे.

येथे एक मोह आवरावा लागतो. लॅटिनमध्ये 'लिबर' याचा अर्थ ग्रंथ असाही आहे आणि त्यावरून 'लायब्ररी' शब्द आला. ग्रंथ आणि स्वातंत्र्य यांचे एकच मूळ, असे शताब्दीच्या व्यासपीठावरून सांगितले तर टाळ्या खात्रीने मिळतील! परंतु ते खरे नाही. ग्रंथवाचक शब्दातील इकार ऱ्हस्व आहे, मूळ अर्थ झाडाची अंतर्साल. स्वातंत्र्यवाचक शब्दातील इकार दीर्घ. दोघांची गाठ केवळ ध्वनीच्या योगायोगाने पडली आहे.

आता वापराकडे वळू, कारण शब्दाचा खरा स्वभाव व्युत्पत्तीपेक्षा वहिवाटीत कळतो. १२१५ च्या मॅग्ना कार्टात लॅटिन भाषेतील हा शब्द अनेकवचनी आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ आपण आज मनात आणतो तसा मुळीच नाही. राजाने सरदारांना, चर्चला, शहरांना दिलेल्या सवलती आणि अधिकार म्हणजे या 'लिबर्टीज'. आपल्या वतनाच्या सनदा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. सनद देणारा कोणी आहे, घेणारा कोणी आहे, हद्द नमूद आहे आणि दिलेले काढून घेण्याचे भयही आहे. पुढे तर विशिष्ट अधिकारक्षेत्राच्या भूभागालाच इंग्लंडात 'लिबर्टी' म्हणू लागले. लंडनच्या टेम्स नदीपलीकडे विंचेस्टरच्या बिशपांच्या अखत्यारीत 'लिबर्टी ऑफ द क्लिंक' नावाचा असाच एक मुलूख होता. शहराचे कायदे तेथे लागू नसल्याने नाटकगृहे तेथे भरभराटली. आणि 'क्लिंक' हे त्याच मुलखातील प्रसिद्ध तुरुंगाचे नाव! लिबर्टीच्या पोटात तुरुंग असण्यात त्या काळच्या कोणाला विसंगती वाटली नाही, कारण तुरुंग चालविण्याचा अधिकार हीदेखील बिशपांची एक लिबर्टीच होती.

या सनदी अर्थाचा वास शब्दाला अजून आहे. आपल्या न्यायालयांत याचिका मागे घेताना वकील 'लिबर्टी' मागतो, आणि नव्याने अर्ज करण्याची 'लिबर्टी' न्यायाधीश देतात. तेथे 'फ्रीडम' म्हणून पाहा, इंग्रजी जाणणारा माणूस हसेल. मराठीत आपण त्या जागी 'मुभा' म्हणतो, आणि तो शब्द तेथे अगदी चपखल बसतो. जुन्या वळणाच्या इंग्रजी पत्रांत 'मी आपणांस लिहिण्याची लिबर्टी घेतो' असे येते. तेथे न मिळालेली मुभा आपणच घेतल्याची कबुली असते. आणि तीच जास्त घेतली की तिची 'आगळीक' होते. जिचे माप असते तिच्याच बाबतीत माप ओलांडता येते.

'फ्रीडम'ला असे माप सहसा नसते. तो अनेकवचनात क्वचित जातो, आणि त्याच्यापुढे 'पासून' हा अर्थ सहज बसतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ रोजी जी चार स्वातंत्र्ये सांगितली, त्यांत अभावापासून आणि भयापासून अशी दोन होती. तेथे त्यांनी 'फ्रीडम' योजला. 'भयापासून लिबर्टी' ही रचना इंग्रजी कानाला रुचत नाही. भयाच्या बाबतीत सनद कोण देणार? स्वातंत्र्यसैनिक हा 'फ्रीडम फायटर' असतो, 'लिबर्टी फायटर' नव्हे. उलट अटक, झडती, पाळत यांविरुद्ध नागरिकाचे जे हक्क असतात त्या 'सिव्हिल लिबर्टीज', आणि तेथे पुन्हा अनेकवचन हजर.

हे सारे ऐकून कोणी असा समज करून घेऊ नये की इंग्रज लेखक दोन डब्यांत दोन शब्द वेगळे ठेवून लिहितात. मिल्टनने १६४४ मध्ये परवान्याविना मुद्रणाची मागणी केली ती 'लिबर्टी' या शब्दाने. १७९१ च्या अमेरिकन घटनादुरुस्तीत वृत्तपत्रांसाठी 'फ्रीडम' आला. शहराचा सन्माननीय नागरिकत्वाचा बहुमान 'फ्रीडम ऑफ द सिटी' या नावाने दिला जातो, जो वस्तुतः पूर्ण सनदी प्रकार आहे. आणि आयझाया बर्लिन यांनी १९५८ मध्ये ऑक्सफर्डला स्वातंत्र्याच्या दोन संकल्पनांवर जे सुविख्यात व्याख्यान दिले, त्यात आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू, असे आरंभीच सांगून टाकले. एवढ्या थोर माणसापुढे मी कोण! पण तत्त्वज्ञाला ज्या भेदाची गरज पडली नाही, त्याची गरज इतिहासाला आणि न्यायालयाला पडली, एवढे मात्र मला दाखवावयाचे आहे.

इतिहासाचे उदाहरण अमेरिकेचे. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी, यादवी युद्ध चालू असता, अब्राहम लिंकन यांनी गेटिसबर्गच्या रणभूमीवर दोन-तीन मिनिटांचे भाषण केले. त्याच्या पहिल्या वाक्यात राष्ट्राच्या जन्माच्या संदर्भात 'लिबर्टी' आहे आणि शेवटच्या वाक्यात नव्या जन्माच्या संदर्भात 'फ्रीडम'. लिंकनसारखा शब्दांचा काटेकोर माणूस कानाला गोड लागावे म्हणून तेवढ्यात शब्द बदलील, असे मला वाटत नाही. १७७६ साली ज्यांनी लिबर्टीची घोषणा केली त्यांतील अनेकांजवळ गुलाम होते, आणि गुलाम बाळगण्याचा हक्क हीदेखील आपली एक लिबर्टी, असे दक्षिणेकडील जमीनदार उघड म्हणत. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६४ मध्ये बाल्टिमोरला बोलताना लिंकन यांनी हा गोंधळ एका दृष्टान्ताने सांगितला. मेंढपाळ लांडग्याला मेंढीच्या गळ्यापासून हाकलतो. मेंढी त्याला आपला मुक्तिदाता मानते, आणि लांडगा त्याला लिबर्टीचा घातकी म्हणतो. मेंढी काळी असेल तर विशेषच, असेही ते म्हणाले. दोघे एकच शब्द उच्चारतात आणि दोघांचाही शब्दार्थ आपापल्या परीने बिनचूक असतो!

त्याच १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या भाषणानंतर दोनच आठवड्यांनी, २ डिसेंबर रोजी वॉशिंग्टन येथील संसदभवनाच्या घुमटावर साडेएकोणीस फूट उंचीचा ब्राँझचा स्त्रीपुतळा चढविण्यात आला. त्याचे नाव 'फ्रीडम'. न्यूयॉर्कच्या बंदरातील 'लिबर्टी' ही १८८६ ची, फ्रेंचांनी दिलेली. हिच्याहून तेवीस वर्षांनी धाकटी. शिल्पकार थॉमस क्रॉफर्ड याने घुमटावरील पुतळ्याच्या मस्तकी ती रोमन टोपी योजली होती. त्या वेळी या कामावर देखरेख होती युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस यांची. पुढे गुलामगिरीवादी दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष झाले ते हेच. त्यांनी टोपीला हरकत घेतली : ती मुक्त केलेल्या दासांची खूण आहे, आमचे लोक जन्मतः स्वतंत्र आहेत, त्यांना ती शोभत नाही. टोपी गेली आणि गरुडाच्या मस्तकाचे, पिसांनी मढविलेले शिरस्त्राण आले. ते आजही आहे.

पुतळा ओतण्याचे काम चालले होते क्लार्क मिल्स यांच्या ओतशाळेत. प्लास्टरचा नमुना पाच भागांचा होता, पण त्याचे सांधे असे लिंपलेले की तो सुटा कसा करावा कळेना. जोडणाऱ्या इटालियन कारागिराने जास्त पैशांखेरीज ते सांगण्यास नकार दिला. तेव्हा फिलिप रीड नावाच्या एका कामगाराने पुतळ्याच्या डोक्यावरील लोखंडी कडीत दोर अडकवून कप्पीने तो हलकेच ताणला आणि सांध्याच्या रेषा दिसू लागल्या. रीड हा मिल्स यांचा गुलाम होता. त्याच्या आठवड्याच्या कामाची मजुरी मालकाला मिळे. रविवारच्या कामाचे तेवढे दिवसाला सव्वा डॉलर त्याचे स्वतःचे. एप्रिल १८६२ मध्ये राजधानीतील गुलामांच्या मुक्ततेचा कायदा झाला आणि तो सुटला. म्हणजे 'फ्रीडम' घुमटावर उभी राहिली तेव्हा तिला घडविणारा दीड वर्षापूर्वीच मोकळा झाला होता. डेव्हिस यांनी नाकारलेली टोपी वस्तुतः त्याची होती. त्याच्या वंशबांधवांनी पुढे शंभर वर्षांनी जो लढा उभारला त्यात 'फ्रीडम राइड' होती, 'फ्रीडम समर' होता. 'लिबर्टी' हा शब्द त्यांनी फारसा हाती धरला नाही. ज्यांना आपल्या माणसांत कधी गणलेच गेले नाही, त्यांना नुसती सनद पुरणार नव्हती.

आता न्यायालय. आपल्या संविधानाचा मसुदा होत असता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या समितीचे अध्यक्ष होते त्या मसुदा समितीपुढे आज एकविसावा असलेला अनुच्छेद आला. त्यात प्राण आणि 'लिबर्टी' असे शब्द होते. समितीने लिबर्टीच्या आधी 'पर्सनल' हे विशेषण घातले आणि तळटीपेत त्याचे कारणही दिले : विशेषणावाचून तो शब्द इतका व्यापक ठरू शकेल की दुसऱ्या अनुच्छेदात वेगळी सांगितलेली 'फ्रीडम्स'ही त्यात सामावतील. हा दुसरा अनुच्छेद म्हणजे आजचा एकोणिसावा : भाषण, सभा, संघटना, संचार इत्यादींचा. काकदृष्टीच्या मसुदाकारांना दोन शब्द एकमेकांच्या अंगावर सांडतील ही भीती होती, म्हणून त्यांनी मध्ये बांध घातला.

बांध घातला की त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पाणी साचते. १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्या ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरविले की एकोणिसावा आणि एकविसावा अनुच्छेद ही दोन स्वतंत्र क्षेत्रे आहेत. विधिवत केलेल्या कायद्याने माणसाची 'लिबर्टी' हिरावली गेली, की त्याच्या 'फ्रीडम्स'च्या कसोटीवर तो कायदा घासून पाहण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती फझल अली यांनी एकट्याने याविरुद्ध मत दिले. एका इंग्रजी शब्दजोडीतील अंतर येथे एका माणसाच्या कोठडीच्या भिंतीएवढे झाले.

पुढे आणीबाणी आली. एकविसाव्या अनुच्छेदाखालील हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली होती. स्थानबद्धांना हेबियस कॉर्पसचा अर्ज तरी करता येईल का, हा प्रश्न जबलपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निर्णय झाला की येणार नाही. विचारातील गाठ अशी होती : व्यक्तिगत लिबर्टी जर या अनुच्छेदानेच दिली असेल, तर अनुच्छेद निलंबित होताच मागायला उरतेच काय? एच. आर. खन्ना यांनी भिन्न मत लिहिले : जीवित आणि लिबर्टी ही संविधानाची देणगी नव्हे, संविधान नव्हते तेव्हाही कायद्याच्या आधाराविना ती हिरावता येत नव्हती. आपण मघाशी ज्या सनदेविषयी बोलत होतो, तिचाच हा प्रश्न होता. बहुमताने लिबर्टीला सनद मानले. खन्नांनी तिला दात्याची आवश्यकताच नाही असे मानले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

१९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात न्यायालयाने तो बांध फोडला आणि दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचावेत असे सांगितले. त्याच वर्षीच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही एकविसावा अनुच्छेद निलंबित करता येणार नाही, अशी तजवीज केली. जबलपूरच्या निकालाला मात्र औपचारिक मूठमाती मिळायला २०१७ उजाडले. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निर्णय चुकीचा ठरविणारे मतपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी माणसाने हा योग सांगताना आवाज थोडा खाली आणावा, एवढेच मी म्हणेन.

आपल्या या शहरापुरते दोन शब्द. निजामी राजवटीत 'गश्ती निशाण ५३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्मानाखाली सभेला सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. आज आपण जमलो आहोत तसे जमण्याला लिबर्टी घ्यावी लागे, आणि ती नाकारली जाई. त्या राजवटीविरुद्धच्या लढ्याला आपण मराठीत 'मुक्तिसंग्राम' म्हणतो. स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९६७ मध्ये इंग्रजीत आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या तेव्हा मात्र ग्रंथनामात त्यांनी 'फ्रीडम स्ट्रगल' असे शब्द योजले. १९४७ चे ते स्वातंत्र्य, १७ सप्टेंबर १९४८ ची ती मुक्ती, गोव्याचीही १९६१ ची मुक्तीच; मराठीने येथे आपण होऊन भेद केला आहे. मुक्तीत बाहेरून आलेल्या हाताची जाणीव आहे, 'लिबरेशन'मध्येही ती आहे. स्वामीजींना मात्र ज्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, त्यांचा हात अधिक महत्त्वाचा वाटला असावा. हा माझा तर्क आहे. त्यांनी तसे कोठे लिहिल्याचा दावा मी करीत नाही.

तर त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. मराठीत शब्द कमी नाहीत. मुभा आहे, मोकळीक आहे, सवलत, सूट, सुटका, मुक्तता, मोकळेपणा आहे. यांतील मुभा, सूट, सवलत या कोणीतरी द्याव्या लागतात. मोकळेपणा कोणी देत नाही, तो असतो किंवा नसतो. म्हणजे इंग्रजीने दोन शब्दांत जे वाटून ठेवले ते आपण आठ-दहा शब्दांत वाटले आहे. 'स्वातंत्र्य' या संस्कृत शब्दात तर तिसरीच कल्पना आहे : ज्याचे तंत्र, ज्याची व्यवस्था स्वतःच्या हाती तो स्वतंत्र, पाणिनीने वाक्यातील कर्त्याची व्याख्या करताना हाच शब्द वापरला. दास्यातून सुटणे किंवा आप्तांत गणले जाणे यांपेक्षा कर्तेपण हा त्याचा गाभा. संविधानाच्या मराठी भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी तोच ठेवला, यात त्यांची शब्ददारिद्र्यामुळे अडचण झाली असे मला आता वाटत नाही. दोन शब्दांमधला जो बांध फोडायला इंग्रजी मजकुराच्या वाचकांना अठ्ठावीस वर्षे लागली, तो मराठी मजकुरात मुळात घातलाच गेला नव्हता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मराठी प्रत वाचून एकविसाव्या अनुच्छेदाच्या खटल्यांचा इतिहास समजणार नाही. त्यासाठी इंग्रजी प्रत शेजारी उघडी ठेवावीच लागेल. तो मुलगा नेमके तेच करीत होता. वाचनकक्षात त्या दिवसानंतर तो दोनदा दिसला. आज सभागृहात आहे की नाही, ते मला व्यासपीठावरून दिसत नाही. असेल तर त्याने उठून आणखी विचारावे. अध्यक्षमहाशय मुभा देतील.